जर्मनांच्या कमरेला कुवेतचा पट्टा

किस्से गोळा करायला मी कधी कुठे गेले नाही. ते आपल्या पायांनी येतात. कुवेतमध्ये नवीन ओळख झाली, की माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच विचारतो, "मग सुट्टीच्या दिवशी काय करता?" मी खरं उत्तर देते. झालं! समोरच्याचा चेहरा जो काही होतो, तिथून नवा किस्सा सुरू.

खरं उत्तर असं आहे. दर शुक्रवारी मी आणि माझे दोन मित्र मिळून चौदाशे वर्षांपूर्वीच्या जर्मन टोळ्यांचे चामडी पट्टे बनवतो. हुबेहूब. रुंद चामडं, लोखंडी नाहीतर कांस्याचं बकल, त्यामागे नक्षीची पट्टी, आणि समोर लोंबणारं लांब टोक. युरोपात हौशी लोकांची एक वेगळीच दुनिया आहे. सुट्टी आली की ही मंडळी त्या काळचे कपडे घालून माळावर तंबू ठोकतात, चुलीवर शिजवतात, आणि एखाद्याच्या कमरेला आजकालचं चकचकीत बकल दिसलं तर त्याला जवळजवळ वाळीतच टाकतात. त्यांच्यासाठी आम्ही पट्टे करतो.

"पण तुम्ही का?" हा पुढचा प्रश्न. तो विचारताना लोक हमखास हसतात. "का नाही?" हे माझं उत्तर. ते देताना मी हसत नाही.

तर आम्ही तिघं. मी मेधा, मूळची नाशिकची. इथे तेलाच्या कंपनीत पाइपांना गंज चढू नये याची काळजी घेण्याचा पगार घेते. किशोर पुण्याचा, माझ्याच कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. तो बकलं ओततो. आणि सुलेमानभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. शहरातल्या शर्क भागात, मासळी बाजाराच्या मागे त्यांचं दुकान आहे, गाड्यांच्या सीटा आणि बोटींच्या गाद्या शिवण्याचं. कडक इस्त्रीचा शर्ट, अत्तर, मेंदी लावलेली दाढी आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. चामड्याचं सगळं काम त्यांचं.

*

सुरुवात गंजापासून झाली. कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. रविवारी सगळं बंद, म्हणून एका लहानशा म्युझियममध्ये शिरले. काचेच्या पेटीत कबरीतून निघालेलं एक लोखंडी बकल होतं, गंजून भाकरीसारखं फुगलेलं. कामापुरती जर्मन मला येते. खाली पाटीवर लिहिलं होतं, की पट्ट्याचं चामडं जमिनीत केव्हाच कुजून गेलं, पण बकलाच्या मागच्या बाजूला, गंजात अडकून, त्याचा एक तुकडा शिल्लक राहिला. त्यावरून पट्टा किती जाड होता ते कळलं.

ज्या गंजाशी मी रोज भांडते, त्याने एका परक्या माणसाचा पट्टा इतकी वर्षं जपून ठेवला होता! मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. पहारेकरी येऊन विचारून गेला, बरं वाटत नाहीये का म्हणून.

कुवेतला परतल्यावर बकलाचा फोटो घेऊन मी सुलेमानभाईंच्या दुकानात गेले. तोवर आमची ओळख गाडीच्या सीटपुरती. त्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"कुनाचा हाय पट्टा?"

"एका जर्मन सरदाराचा. चौदाशे वर्षांपूर्वी वारला तो."

सुलेमानभाईंनी फोटो काउंटरवर ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मंग ताई, मापां कोन देनार?"

*

चामडं कुठून आणायचं हा पहिला प्रश्न होता. बाजारात मिळतं ते कारखान्यातलं, रसायनांत कमावलेलं. त्या काळी झाडाच्या सालीत कमवायचे. इथे कोल्हापूर मदतीला आलं! बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, चपलेचं चामडं. जर्मन सरदाराला याहून जवळचं काही मिळणार नाही, असं मी छातीठोक सांगितलं आणि त्यात अजून कुणी चूक काढलेली नाही.

पहिली मोठी ऑर्डर गेली ती ऑगस्टमध्ये. पट्टे मऊ राहावेत म्हणून शेवटचा तेलाचा हात सुलेमानभाईंनी दिला. त्यांना विचारायची गरज वाटली नाही, मलाही बघायची गरज वाटली नाही. पट्टे असे काही तुकतुकीत दिसत होते, की किशोरने सुद्धा चूक काढली नाही. पुणेकराने चूक काढली नाही म्हणजे बघा!

नोव्हेंबरात जर्मनीहून एकामागून एक मेल. पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढली आहे! फोटो जोडलेले. खरंच, सगळ्या पट्ट्यांवर पांढरा थर. इतक्या जणांचे पट्टे परत घ्यायचे म्हणजे आमचं नाव सुरू व्हायच्या आधीच संपलं.

"सुलेमानभाई, तेल कुठलं लावलंत?"

"कुठला म्हंजे? घरचा. नारळाचा. आमच्या गावच्या घाण्यावरचा, एक नंबर!"

झालं होतं काय, की कुवेतच्या ऑगस्टात पाण्यासारखं चामड्यात शिरलेलं खोबरेल तिकडच्या थंडीत गोठून वर आलं होतं. बुरशी नव्हतीच. कोकणातल्या माणसाला चामडं दिसलं काय, केस दिसले काय आणि पोराची टाळू दिसली काय, हात खोबरेलाच्या बाटलीकडेच जाणार!

मी सगळ्यांना लिहिलं, की घाबरू नका, पट्टा शेकोटीपाशी धरा आणि फडक्याने पुसा. थर गेला. पण एका बाईंचा उलट मेल आला, की त्या आता तेच तेल केसांना लावतात, आणखी मिळेल का.

*

आम्ही काम करतो ते रुमैथिया नावाच्या वस्तीत, बू सालेम यांच्या घरामागच्या खोलीत. बू सालेम कुवेती, रिटायर्ड, सुलेमानभाईंचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. जुन्या कुवेती माणसांना हिंदी येतं तसं त्यांनाही येतं, आपल्या पद्धतीचं. खोली दिली तेव्हा एकच अट घातली. "चाय मेरा, आवाज तुम्हारा. मंजूर?"

आवाज त्यांनी सोसला, पण वास सोसवेना. हिरड्यातल्या चामड्याला एक वास असतो. आम्हाला तो चपलेच्या दुकानातला वाटतो, त्यांना तो मेलेल्या उंटाचा वाटला. शेजारीच त्यांची दिवाणिया, म्हणजे पाहुण्यांची बैठक. तिथे बसणारे मित्र नाकाला रुमाल लावायला लागले. मग बू सालेम यांनी उपाय काढला. दर शुक्रवारी आमच्या खोलीत स्वतःच्या हाताने ऊद जाळायचा. धूपदाणी घेऊन ते प्रत्येक पट्ट्याला धुरी द्यायचे, घरात आलेल्या पाहुण्याला देतात तशी.

आमची काही हरकत नव्हती. गिऱ्हाइकं काय म्हणतील हा प्रश्न होता. पहिली चिठ्ठी आली ती एका निवृत्त इतिहास-शिक्षकाची. पट्टा उत्तम आहे, बकल उत्तम आहे, पण सर्वात कमाल म्हणजे वास! त्या काळच्या चर्चमध्ये असाच वास असणार यात त्यांना शंका नाही. हा प्राचीन वास तुम्ही कसा शोधून काढलात?

मी ती चिठ्ठी बू सालेम यांना वाचून दाखवली. ते धूपदाणी फुंकत म्हणाले, "बोलो, ये वास नहीं है. ये मेहमाननवाजी है!"

*

आता आपल्या माणसांचा किस्सा. तो सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही.

इथल्या मराठी लोकांच्या कार्यक्रमात दरवर्षी एक ऐतिहासिक नाटक असतं. त्याच्या कमिटीतले एक काका, नाव नको, मला सगळ्यांसमोर म्हणाले, "मेधाताई, जर्मनांची कंबर कसता, आपले मावळे काय मेले होते का?"

हॉलभर हशा. मला असा राग आला! पण सुलेमानभाई शेजारीच होते. पानाचा डबा बंद करत म्हणाले, "काका, करतो की! मावळ्यांचेच करू. सांगा किती?"

आणि केले हो आम्ही. कोल्हापुरी चामडं, हाताची शिवण, जाड पितळी बकल. आठवडेच्या आठवडे त्यात गेले. रंगीत तालमीला काका आले, त्यांनी एक पट्टा कमरेला लावायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "छान आहेत. पण हे बकल काढून मागे वेल्क्रो लावता येईल का? मुलांना पटकन काढता-घालता येत नाही."

मी काही बोलायच्या आत सुलेमानभाईंनी सगळे पट्टे गोळा करून खांद्यावर टाकले.

"काका," ते म्हणाले, "मावळे नाय मेले. आता मेले!"

*

किशोर बोलतो कमी, लिहितो जास्त. गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायचं काम आम्ही त्याच्याकडे देऊन मोठी चूक केली, असं मला काही दिवस वाटायचं. आता वाटत नाही.

एका गृहस्थांनी बकल मागवलं. खोदकामात सापडलेल्या एका प्रसिद्ध बकलाची प्रतिकृती. ते मिळाल्यावर त्यांनी मूळ बकलाच्या फोटोवर आमच्या बकलाचा फोटो ठेवून, लाल रेघा मारून पाठवला. काटा किंचित डावीकडे आहे. एक कोपरा किंचित जास्त गोल आहे. असलं बकल घालून आपण लोकांत जाऊ शकत नाही. आणि शेवटी, "अर्थात कुवेतहून याहून जास्त अपेक्षाही नव्हती."

ते शेवटचं वाक्य वाचून मी चार पानांचं उत्तर लिहायला बसले होते. किशोर म्हणाला, "तू ऊठ. तुझा बीपी वाढेल."

त्याने जे लिहिलं ते मी आजही पाठ म्हणून दाखवते.

"महोदय, त्या काळी एकाच कारागिराची दोन बकलं सुद्धा सारखी निघत नसत, त्यामुळे आमचं काम बरोबर आहे. तसंच, मूळ बकलाच्या मालकाने ते बकल आयुष्यभर वापरलं आणि तक्रार न करता तो त्याच्यासकट पुरला गेला. आपल्याकडूनही तेवढ्याच सौजन्याची अपेक्षा आहे."

गृहस्थांनी दुसरं बकल मागवलं!

*

आता जरा कडू किस्सा. पण तो मधे घातल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या प्रत्येक पट्ट्याच्या आतल्या बाजूला, कमरेला टेकतो तिथे, एक लहानसा ठसा असतो. देवनागरीत, "कुवेत". ठसा किशोरने कोरला. बाहेरून दिसत नाही, पण ज्याच्या कमरेला आहे त्याला माहीत असतं.

जर्मनीतला एक व्यापारी या पोशाखांचं मोठं दुकान चालवतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला. वर्षभरात तुम्ही जेवढे पट्टे कराल तेवढे मी घेतो म्हणाला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुलेमानभाईंच्या दुकानात त्या वर्षी दोन मशिनं झाकून ठेवलेली होती, कारण लोक सीटची कव्हरं आता तयार मागवतात. ही ऑर्डर म्हणजे दोन्ही मशिनं, दोन्ही कारागीर, सगळं परत सुरू!

मग तो म्हणाला, फक्त तो ठसा नको. आमची नावंही कुठे नकोत. "माझ्या वर्कशॉपमध्ये बनवलेले" असं तो लिहिणार. लोकांना जर्मन पट्टा हवा असतो, आत कुवेत वाचलं की त्यांचा मूड जातो.

मी भाषांतर करून सांगितलं. नुकसान सुलेमानभाईंचं होणार होतं, तेव्हा बोलायचा हक्क त्यांचा. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या तोंडासमोर धरून, सरळ आपल्या कोकणीत म्हणाले, "पोर आमचां, आन नाव शेजाऱ्याचां? असां नाय जमत बाबा!"

फोन बंद केला. "भाषांतर नको का करायला?" मी विचारलं.

"समजला त्याला. तोंड बघितला नाय?"

समजलं होतंच. कारण पुढच्या काही महिन्यांत त्याने सगळीकडे पसरवलं, की कुवेतचे पट्टे म्हणजे टुरिस्टांसाठीचा बाजारी माल आहे, बनवणारे कोण ते कुणी पाहिलेलं नाही. आमच्या ऑर्डरी आटल्या. नेहमीची गिऱ्हाइकंही जरा थांबून उत्तर द्यायला लागली.

"कुनी बघितलेला नाय ना?" सुलेमानभाई म्हणाले. "मंग दाखवू या. चला!"

जर्मनीत एका गावाबाहेर या हौशी लोकांचा सर्वात मानाचा बाजार भरतो. तिथे ज्याचा स्टॉल लागला त्याच्या मालाबद्दल मग कुणी वाईट बोलत नाही. पण नियम कडक. विकणाऱ्याने स्वतः त्या काळच्या संपूर्ण पोशाखात यायचं. दारावर तपासणी होते, आणि नापास झाला त्याने माल घेऊन घरी जायचं. आम्हाला एकच गोष्ट हवी होती. त्या बाजारात आमच्या नावाची पाटी, आणि पाटीमागे आम्ही!

*

तयारीत उन्हाळा आला. किशोरला सुट्टी मिळाली नाही, प्लांटचं शटडाऊन, म्हणजे वर्षाच्या दुरुस्तीची धांदल होती. जाणार मी आणि सुलेमानभाई. लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा, लोकरीची विजार, पोटऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या, माझ्यासाठी पायघोळ लोकरी झगा, सगळं हातशिलाईचं. ते अंगावर बसतंय का बघायला सुलेमानभाई बू सालेम यांच्या अंगणात भर दुपारी फेऱ्या मारायला लागले. कुवेतच्या उन्हात, लोकरीत!

बू सालेम दारात येऊन बघत राहिले. "सुलेमान," त्यांनी हाक मारली, "दिमाग खलास?"

"दिमाग नहीं," सुलेमानभाई घाम पुसत म्हणाले, "डर खलास!"

व्हिसाच्या खिडकीवर माझं काम पटकन झालं. सुलेमानभाईंना मात्र थांबवलं. आतल्या साहेबाने विचारलं, जाण्याचं कारण काय. "पट्टे विकायचे आहेत," सुलेमानभाईंनी आपल्या दुकानापुरत्या इंग्रजीत सांगितलं. साहेब जरा हसला. जर्मनीत पट्टे मिळत नाहीत का?

"मिळतात," सुलेमानभाई म्हणाले. "चुकीचे मिळतात!"

व्हिसा मिळाला. साहेबाने दुकानाचा पत्ताही विचारून घेतला.

आता राहिली पाटी. लाकडी हवी, हाताने रंगवलेली हवी. माझी मुलगी रेवा इथेच जन्मली, इथेच शाळेत जाते, माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. आईचे पट्टे हा तिच्या आयुष्यातला मोठा लाजिरवाणा विषय. "मम्मा, प्लीज डोन्ट टेल माय फ्रेंड्स!" हे मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलंय. मी डायनिंग टेबलावर पाटी रंगवायला बसले तेव्हा ती मागे उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला.

"मम्मा, युअर लेटर्स आर होपलेस."

तिने लिहिलं. सुलेमान, किशोर, मेधा. खाली, कुवेत. आधी रोमन लिपीत, आणि मग जीभ दातांत धरून, एकेक अक्षर माझ्याकडून कागदावर लिहून घेऊन, देवनागरीत. मला काय वाटलं ते मी इथे सांगत बसत नाही, नाहीतर पुन्हा रडेन. नुसतं विचारलं, "मग आता तुझ्या मैत्रिणींना सांगू का?"

"टेल देम आय डिड द साइन," ती म्हणाली. "डोन्ट मेन्शन द बेल्ट्स."

*

आणि हा शेवटचा. हा मी नेहमी शेवटीच सांगते.

बाजाराच्या तोंडाशी दोन खांब आणि मधे एक जाड दोर. दोराच्या पलीकडे तपासणीच्या बाई, साठीच्या पुढच्या, हातात भिंग. अंगावर त्या काळचा पोशाख, आणि गळ्याखाली एक गोल ब्रोच, लाल खड्यांनी भरलेलं. आमच्या मागे रांग. आणि रांगेत, आमच्या मागेच, तो व्यापारी! व्हिडिओवर दिसला होता त्याहून बुटका निघाला. आम्हाला ओळखून त्याने मान हलवली.

बाईंनी सुलेमानभाईंना पायांपासून तपासायला घेतलं. बुटाचा तळवा बघितला. पोटऱ्यांच्या पट्ट्या बघितल्या. अंगरख्याची शिवण उलटून भिंगाखाली धरली. मग पट्टा मागितला. तो हातावर तोलला, वास घेतला, वाकवला, आतला ठसा बघितला आणि त्यावरून बोट फिरवलं. जाडी कशावरून ठरवलीत, विचारलं. मी गंजातल्या तुकड्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पट्टा परत दिला.

"कामात दोष नाही," बाई म्हणाल्या. "फारच चांगलं काम आहे."

माझा जीव भांड्यात पडला. पण बाई दोर सोडेनात. नजर खाली गेली, आवाज जरा मऊ झाला.

"अडचण एवढीच आहे, की इथे लोक त्या काळचं खरं चित्र बघायला येतात. आणि त्या काळी आमच्याकडे तुमच्यासारखी माणसं नव्हती. तुम्ही कृपा करून वाईट वाटून घेऊ नका. माल आत जाऊ दे. स्टॉलवर आमच्यापैकी कुणीतरी उभं राहील. तुम्ही साध्या कपड्यांत पाहुणे म्हणून या."

"मी उभा राहतो ना!" मागून व्यापारी म्हणाला. "आनंदाने!"

माझ्या डोक्यात तिडीक उठली. विमानभर मांडीवर सांभाळून आणलेली पाटी माझ्या बगलेत होती, आणि तिच्यामागे हा माणूस उभा राहणार! तोंड उघडलं होतं मी. जे येणार होतं ते जर्मनीत कुणी कधी ऐकलं नसतं.

सुलेमानभाईंनी हात आडवा केला. "काय म्हनतात?"

मी शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी शांतपणे पट्टा कमरेला बांधला, टोक सरळ केलं. मग बाईंच्या ब्रोचकडे बोट दाखवलं.

"ताई, विचारा, हे लाल खडे खरे हायत? त्या काळचे असायचे तसेच?"

मी विचारलं. बाईंचा चेहरा खुलला. विषय त्यांच्या आवडीचा होता. हो तर, त्या म्हणाल्या, गार्नेट आहेत. त्या काळचे सरदार आणि त्यांच्या बायका यांना या खड्यांचं फार वेड. बकलावर, तलवारीवर, ब्रोचवर, सगळीकडे तेच. आणि गंमत म्हणजे ते इथले नव्हतेच. प्रयोगशाळेत तपासून सिद्ध झालंय, ते थेट हिंदुस्थानातून यायचे, समुद्राने!

"काय म्हनतात?"

"म्हणतात, खडे आपल्याकडून यायचे. समुद्राने."

सुलेमानभाईंनी दोन्ही अंगठे पट्ट्यात खोवले आणि त्यांच्या नेहमीच्या, रस्त्यापलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "मंग बाईला विचारा, खडे काय एकटेच पोहत आले?"

मी भाषांतर केलं. बाईंचा हात ब्रोचवर गेला.

मग बाईंनी दोर दोन्ही हातांनी इतका वर उचलला, की सुलेमानभाईंना वाकावं लागलं नाही.